‘सोबत दोन विन्येट जोडा’ असं कुणी सांगितलं तर

नोकरीला लागून तिसरा महिना होता. बचत गटांवर काम करणारी संस्था, माझ्याकडे एक तालुका. वार्षिक अहवालाचं काम निघालं आणि वरून निरोप आला: प्रत्येकीने आपल्या भागातली दोन ‘विग्नेट’ शुक्रवारपर्यंत पाठवा. कार्यालयात आम्ही चौघी होतो. हे नेमकं काय असतं, असं विचारायची एकीचीही छाती झाली नाही. एकीला वाटलं फोटो. दुसरीला वाटलं पानाभोवती काढतात ती नक्षी. (ती सगळ्यांत जवळ होती, हे मला पुढे काही वर्षांनी कळलं.) मी समजले ‘केस स्टडी’, आणि साडेचार पानं लिहून पाठवली. बाईंचं वय, शिक्षण, जमीन किती, कर्ज कितीदा, शेळ्या आधी किती आणि आता किती. सोमवारी कागद परत. वर लाल पेनाने एकच ओळ: ‘माहिती सगळी आहे. बाई कुठे आहे?’

त्यानंतर मी अशी शंभरेक तरी लिहिली असतील, नव्या मुलामुलींकडून त्याहून जास्त लिहून घेतली. हा शब्द पहिल्यांदा समोर आला की प्रत्येकजण त्याच खड्ड्यात पडतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

१. शब्द नीट म्हणा आणि उकलून बघा

उच्चार ‘विन्येट’. स्पेलिंगमधला ‘जी’ वेगळा ऐकू येत नाही. शब्द फ्रेंच आहे. ‘विन्य’ म्हणजे द्राक्षाचा वेल आणि ‘एट’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, आपल्याकडे लोट्याची लोटी होते तसा. म्हणजे इवलासा वेल. जुन्या हस्तलिखितांच्या कडेला आणि पुढे छापील पुस्तकात प्रकरणाच्या आरंभी किंवा शेवटी उरलेल्या कोऱ्या जागेत पानं, वेल, द्राक्षांचे घोस काढत, त्याला हे नाव पडलं. आपल्याकडे ‘वेलबुट्टी’ हा शब्द आयता आहे, आणि मूळ अर्थाला तो चपखल बसतो.

पुढे वेलाच्या जागी चिमुकली चित्रं आली. इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) नावाचा लाकडात कोरीवकाम करणारा कारागीर होता. पक्ष्यांवरच्या त्याच्या पुस्तकाचे दोन खंड १७९७ आणि १८०४ मध्ये निघाले. पक्ष्याची माहिती संपली की पानाच्या तळाशी जी बोटभर जागा उरे, तिथे त्याने पावसात चाललेला वाटसरू, आंधळ्याला घेऊन जाणारा कुत्रा असलं काहीबाही कोरून ठेवलं. पक्ष्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि लोक पुस्तक हातात घेत ते बऱ्याचदा त्यासाठीच.

या चित्रांना चौकट नसे. मध्यभागी रेषा दाट, कडेकडे जाताना विरळ, आणि मग नुसता कागद. चित्र कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुढचे बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात. जुन्या घरातला पणजोबांचा फोटो आठवा: पगडी, उपरणं, छातीपर्यंत माणूस ठसठशीत, आणि त्याखाली तो पांढऱ्या धुक्यात विरघळलेला. एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंची ती लाडकी पद्धत, आणि तिचंही नाव विन्येटच. साहित्यात हा शब्द आला तो याच वाटेने. मध्ये काहीतरी स्पष्ट दिसतं आणि आजूबाजूचं लिहिलेलंच नसतं. मराठीत याला ‘शब्दचित्र’ म्हणावं, असं माझं मत आहे. ‘लघुवर्णन’ वगैरे शब्द मी कार्यालयांत ऐकलेत, पण ते ऐकताना खुर्च्यांचा आवाज येतो.

२. मागतंय कोण ते आधी विचारा

हा टप्पा गाळू नका. एकच शब्द सहा-सात ठिकाणी सहा-सात कामं करतो.

संस्थेचा अहवाल, निधीसाठीचा प्रस्ताव, मासिक, कार्यशाळा: इथे शब्दचित्रच हवं असतं. बाकीचा लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

वैद्यकीय परीक्षा: अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर यूएसएमएलई द्यावी लागते. तिथल्या प्रश्नांत आधी रुग्ण उभा केलेला असतो. ‘पंचावन्न वर्षांचा पुरुष, दोन तासांपासून छातीत दुखतंय, दरदरून घाम सुटलाय, सिगारेट ओढतो…’ आणि शेवटी, आता काय कराल? यालाही विन्येटच म्हणतात. इथल्या प्रत्येक तपशिलाकडे पुरावा म्हणून बघावं लागतं. शोभेसाठी काही लिहिण्याला तिथे जागा नाही.

सर्वेक्षण आणि संशोधन: एक काल्पनिक प्रसंग चार ओळींत सांगायचा आणि लोकांना विचारायचं, इथे काय करावं? ही तऱ्हा वेगळी असल्यामुळे तिच्यासाठी खाली स्वतंत्र टप्पा ठेवला आहे.

फोटो: मोबाइलमध्ये फोटो सुधारताना या नावाची एक पट्टी दिसते. ती सरकवली की कडा काळवंडतात. भिंग पूर्ण उघडं असताना कोपरे आपोआप थोडे अंधारतात, त्या दोषाचंही नाव हेच.

टपाल तिकीट: तिकिटाच्या मधल्या चित्राला संग्राहक विन्येट म्हणतात. १८५४ सालचं आपलं चार आण्यांचं तिकीट दोन रंगांत छापलेलं, लाल चौकट आणि आत निळी व्हिक्टोरिया राणी. चौकट आणि चित्र वेगवेगळं छापल्यामुळे काही तिकिटांवर राणीचं डोकं उलटं आलं. ती तिकिटं आज जगभर प्रसिद्ध आहेत.

सॉफ्टवेअर: ‘आर’ या संगणकभाषेत एखादं पॅकेज कसं वापरायचं ते समजावणाऱ्या सविस्तर टिपणाला विन्येट म्हणतात. इथे तर ते चांगलं लांबलचक असतं.

आणि गाडी. माझा भाचा स्वित्झर्लंडला गेला तेव्हा त्याने कळवलं, ‘मावशी, इथे चाळीस फ्रँकचं विन्येट घ्यावं लागतं.’ मला क्षणभर वाटलं, काय साहित्यप्रेमी देश आहे. तो होता हमरस्त्यावर गाडी चालवण्याचा वर्षाचा कर, काचेवर चिकटवायचा कागद. तो तिथे १९८५ पासून आहे, आणि २०२३ पासून मोबाइलवरूनही काढता येतो.

तेव्हा ‘विन्येट पाठवा’ असा निरोप आला की तीन गोष्टी विचारून घ्या: कशासाठी, किती शब्द, आणि माणूस खरा हवा की कल्पित चालेल. विचारायची लाज वाटली तर माझी साडेचार पानं आठवा.

३. शेजाऱ्यांपासून वेगळं काढा

‘केस स्टडी’ काय घडलं, का घडलं आणि परिणाम काय झाला ते सांगते. तिला तारखा आणि आकडे लागतात. गोष्टीत कुणालातरी काहीतरी हवं असतं, ते अडतं आणि शेवटी काहीतरी बदललेलं असतं. व्यक्तिचित्रात माणसाचा अख्खा आवाका येतो, त्याची वर्षं, सवयी, त्याच्या मरणापर्यंत. ललित लेखात लिहिणाऱ्याचं मन पुढे असतं आणि वस्तू मागे. स्फुटात मत असतं.

शब्दचित्रात एक जागा असते आणि थोडा वेळ. मी नव्या मुलांना घड्याळ लावायला सांगते: तुम्ही लिहिलेलं प्रत्यक्षात घडायला पाच मिनिटांहून जास्त लागत असेल, तर तुम्ही दुसरंच काहीतरी लिहिताय. नियम ढोबळ आहे आणि मोडणारे तो झोकात मोडतात, पण पहिल्या दहा वेळा तरी पाळा.

इथे एक खास मराठी गफलत होते. आपल्याकडे ‘शब्दचित्र’ हा शब्द व्यक्तिचित्रालाही सर्रास वापरतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘एक शब्दचित्र द्या’ म्हटलं, तर त्यांना दोनशे शब्द हवेत की दोन हजार, हे फोनवरच विचारून घ्या. मी एकदा पाऊण पान पाठवलं होतं. तिकडून फोन आला, ‘छान आहे, बाकीचं कधी पाठवताय?’

४. काय काय लागेल

– खिशात मावणारी वही. मोठी वही काढली की समोरचा माणूस सावरून बसतो आणि कामातून जातो.
– पेन्सिल. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते, घामानेही.
– मोबाइल, पण फोटोपुरता. फोटो वर्णनासाठी काढू नका. पाटीवरचा मजकूर, डब्यांचा क्रम, भिंतीचा रंग पडताळून बघायला ठेवा. आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा.
– खऱ्या माणसाविषयी लिहून छापायचं असेल तर संमतीपत्र, त्या माणसाच्या भाषेत आणि एका पानात. संस्थेसाठी लिहीत असाल तर त्यांचा नमुना असतो, तो मागून घ्या.
– तिथे बसण्यासाठी एखादं निमित्त. यादीतली ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट.

५. जागा निवडा आणि तिथे जाऊन बसा

सुरुवातीला मोठे विषय नकोत. ‘दुष्काळ’, ‘स्त्रीचं दुःख’, ‘बदलतं गाव’ यांचं शब्दचित्र होत नाही. हापशाजवळ रांगेत लावलेल्या घागरींचं होतं. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून पदराला बोट पुसून पुन्हा लावणाऱ्या आजींचं होतं. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसाचं होतं.

उदाहरणासाठी मी पिठाची गिरणी घेते, कारण माझ्या घराजवळ आहे आणि आठवड्यातून एकदा जावंच लागतं. निमित्ताचं म्हटलं ते हेच. रिकाम्या हाताने बाकावर बसलेल्या बाईकडे सगळे बघतात. मांडीवर दळणाचा डबा घेऊन बसलेलीकडे कुणी ढुंकून बघत नाही.

एकाच जागी निदान तीनदा जा. पहिल्या खेपेला डोळ्यांना जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं: पीठ उडतंय, आवाज मोठा आहे. दुसऱ्या खेपेला क्रम कळतो, कोण आधी, कोण नंतर, कुणाला घाई. काहीतरी नेहमीसारखं का झालं नाही, हे तिसऱ्या खेपेला दिसतं. माझ्या वहीत तिन्ही मिळून एवढं होतं:

पापण्या पांढऱ्या, भुवया जास्त. झाकणांवर खडूने आडनावं. एकावर ‘बाळंतीण’. मोटर चालू = सगळे खुणेने बोलतात. काका पीठ चोळून बघतात, बघतात कुठे, चोळतात फक्त. गरम डबा पदरात धरून नेतात. दिवाळीच्या आधी भाजणीची रांग वेगळी. लाइट गेली तरी लोक ओरडूनच बोलत होते.

वाक्यं करायची नाहीत. घरी जाऊन त्याच रात्री मोकळं लिहून काढा. वास आणि आवाज उद्यापर्यंत टिकत नाहीत.

६. पहिला खर्डा लिहा, आणि तो कुठे फसला ते बघा

मी कार्यशाळेत पहिला खर्डा मुद्दाम असा देते:

‘गिरणीवाले काका हे अत्यंत कष्टाळू व प्रामाणिक गृहस्थ आहेत. गेली कित्येक वर्षे ते परिसरातील नागरिकांना अविरत सेवा देत आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर सदैव हास्य विलसत असते. आजच्या धकाधकीच्या युगातही त्यांनी माणुसकी जपली आहे.’

वाचताना कुणालाही काही खटकत नाही, हीच पंचाईत. आता ‘गिरणीवाले’ खोडून ‘पोस्टमन’ लिहा. नंतर ‘शाळेतले शिपाई’ लिहा. दुसरा एकही शब्द बदलावा लागत नाही. हा मजकूर साठी-शांतीच्या गौरवपत्रावर चालेल, इथे नाही. या अदलाबदलीची चाचणी प्रत्येक वाक्याला लावा. दुसऱ्या माणसाला बसतं ते वाक्य आपलं नाही.

त्याच वहीवरून लिहिलेला दुसरा खर्डा:

‘मोटर चालू असेपर्यंत गिरणीत कुणी तोंडाने बोलत नाही. दोन बोटं वर: दोन किलो. चिमूट चोळून दाखवली: बारीक. काका कापडी नळीखाली हात धरतात, पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळतात आणि न बघता बाजूचं चाक थोडं आवळतात. संध्याकाळचे सात वाजलेत. त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्यात, भुवया त्याहून. डब्यांची रांग बाकापर्यंत आली आहे, प्रत्येक झाकणावर खडूने आडनाव, एकावर नुसतं ‘बाळंतीण’. तो डबा काका रांगेतून उचलून पुढे घेतात. कुणी काही म्हणत नाही. ज्वारी संपते, त्यावर गहू पडतो. तेवढ्यात लाइट जाते. पट्टा फटफट करत थांबतो. “बारीक!” मागून एक बाई ओरडतात, आणि एवढ्या शांततेत आपलाच आवाज ऐकून दचकतात.’

काका कष्टाळू आहेत असं यात कुठेच म्हटलेलं नाही. माणुसकीही नाही, पण बाळंतिणीचा डबा पुढे जातो आणि रांग गप्प राहते. भाजणीची रांग मी गाळली. ती मला फार आवडत होती, पण ती दिवाळीतली आणि ही एका साध्या संध्याकाळची.

भाषेबद्दल तीन गोष्टी.

काळ: साधा वर्तमानकाळ सोपा जातो (‘हात धरतात’, ‘लाइट जाते’). भूतकाळात लिहिलंत तर पुढे काय झालं ही उत्सुकता लागते आणि गोष्ट सुरू व्हायला बघते.

अनुकरणवाचक शब्द: फटफट, खुळखुळ, चरचर, लुकलुक. मराठीत यांची खाणच आहे, त्यामुळे हात आवरा. एका शब्दचित्रात एक पुरे. वर ‘फटफट’ आहे, म्हणून ‘घरघर’ काढली.

बोली: यावर मी जरा तापते. एका अहवालासाठी मी एका बाईंचं वाक्य जसंच्या तसं दिलं होतं: ‘मला कळंना काय करावं ते.’ छापून आलं तेव्हा ते ‘काय करावे हे मला समजेनासे झाले’ झालं होतं. सहा शब्दांत त्या बाईंना कुणीतरी नऊवारीतून काढून सरकारी कार्यालयात बसवलं. बोललेलं वाक्य शुद्ध करू नका. उलट चूकही तितकीच वाईट: गावातला प्रत्येक माणूस ‘व्हय जी, न्हाय जी’ करतो असं लिहिणं. ऐकलं असेल तेच आणि ऐकलं तेवढंच लिहा. एखाद्या शब्दाबद्दल शंका असेल तर अवतरणचिन्ह काढून आपल्या शब्दांत सांगा.

७. दोन्ही टोकं कापा

खर्डा झाला की पहिली दोन वाक्यं झाकून वाचा. दहातल्या आठ वेळा त्यांच्यावाचून काही अडत नाही. आपण उंबऱ्यावर चपला काढत असतो, पत्ता, ऋतू, ‘मी सहज गेले होते’. वाचक थेट आत आला तरी चालतो.

मग शेवटचं वाक्य बघा. त्यात ‘खरंच’, ‘आजही’, ‘मनात आलं’, ‘शिकवून गेली’ यांतलं काही आहे? खोडा. त्याच्या आधीचं वाक्य बघा आणि तेही तपासा. शाळेतल्या निबंधाने आपल्याला तात्पर्य लिहायची इतकी सवय लावली आहे की हात आपोआप तिकडे वळतो. कडा विरलेली हवी आणि आपण तिथे महिरप बांधतो. वरच्या खर्ड्यात बाई दचकल्या, तिथे मी थांबले. लाइट कधी आली, दळण मिळालं का, ते वाचकाकडे.

अहवालात दीडशे ते अडीचशे शब्द पुरतात. चारशेच्या वर गेलं तर बहुधा दोन शब्दचित्रं एकमेकांत अडकलेली असतात. सोडवून बघा.

८. नाव बदललं म्हणजे झालं, असं समजू नका

गिरणीवाल्या काकांच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. पण कर्ज, आजार, घरातली मारहाण, मूल, जात यातलं काही आलं की थांबा. नाव बदलून ‘गावातली ट्रॅक्टर चालवणारी एकुलती एक बाई’ लिहिलंत, तर पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. ओळख नावापेक्षा अशा तपशिलांतून फुटते: कितवी मुलगी, कोणता धंदा, घर कुठल्या देवळामागे.

बदलायचं तर असं बदला की अर्थ हलणार नाही. ट्रॅक्टरच्या जागी दुसरं काम ठेवता येतं का? गावाच्या जागी नुसता तालुका चालेल? तपशील बदलला की चित्रच कोसळत असेल, तर ते छापू नये. आडनाव बदलतानाही जपून. आपल्याकडे आडनाव बदलणं म्हणजे पुष्कळदा जात बदलणं असतं आणि मग प्रसंगाचा रंगच पालटतो. मी आडनाव देतच नाही.

निधी देणाऱ्यांना रडवणारं हवं असतं, असा एक समज संस्थांमध्ये आहे. मग बाई नेहमी हुंदके देते आणि शेवटी संस्थेमुळे हसते. असलं लिहून मागितलं तर मी सरळ विचारते, ही बाई हे वाचणार आहे का? प्रश्नानंतर बहुतेक वेळा मजकूर थोडा शहाणा होतो.

९. सर्वेक्षणासाठी लिहायचं असेल तर उलटं करा

वर सांगितलेलं बरंचसं इथे विसरायचं. इथे पांढऱ्या पापण्या नकोत. समजा बचत गटातल्या कर्जावर घरात कुणाचा हक्क चालतो हे हवंय. ‘तुमच्या घरी पैसे कोण घेतं?’ असं विचारलंत तर बाई म्हणणार, ‘आमच्यात तसलं काही नाही.’ त्याऐवजी:

‘एका बाईने गटातून दहा हजार रुपये कर्ज घेतलं. पैसे घरी आले त्याच दिवशी दिराने ते मोटारसायकलच्या हप्त्यासाठी मागितले. बाईने काय करावं?’

दुसऱ्या बाईची गोष्ट म्हटल्यावर जीभ सैल होते. मग काही जणींना हाच मजकूर ‘दिरा’ऐवजी ‘सासू’ घालून द्यायचा, काहींना ‘मोटारसायकलचा हप्ता’ काढून ‘दवाखान्याचा खर्च’. बाकी एक अक्षर हलवायचं नाही. उत्तर कशाने बदललं ते मग दिसतं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही, आणि नवखे हमखास हेच करतात. दुसरा सापळा म्हणजे उत्तर प्रश्नातच असणं: ‘उधळ्या दिराने’ लिहिलंत की संपलं.

एक सावधगिरी. लोक सांगतात ते आणि करतात ते यात अंतर असतं. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीतल्या डॉक्टरांना असे काल्पनिक रुग्ण दिले आणि नंतर त्यांच्या दवाखान्यात बसून प्रत्यक्ष तपासणीही पाहिली. डॉक्टरांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं ते रुग्ण समोर असताना करत नव्हते. म्हणून माझ्या अहवालात मी ‘बायका असं करतात’ लिहीत नाही, ‘असं करावं असं म्हणाल्या’ लिहिते.

१०. वाचून दाखवा

आधी स्वतःला, मोठ्याने. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य लांबलंय. मग ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला. हे नवख्यांना फार जड जातं आणि मलाही गेलं. तरी मी गिरणीतल्या बाकावर बसून, दुपारी गर्दी नसताना, काकांना वरचा खर्डा वाचून दाखवला. पापण्यांवर ते हसले. चाकावर मान हलवली. मग हात वर करून थांबवलं.

“ताई, ज्वारीवर गहू मी टाकत नाही.”

“पण मी तीन वेळा बघितलं, काका.”

“तुम्ही या बाकावरून बघितलं. गव्हाचं मशीन त्या खांबामागे आहे. हे असं छापलंत तर उद्या गिऱ्हाईक येऊन विचारेल मला.”

मी उठून खांबामागे गेले. होतं.

तिथेच वहीत ओळ बदलली: ‘ज्वारी संपते, त्यावर बाजरी पडते.’ बाळंतिणीचा डबा बाजरीचाच होता, त्यामुळे ती आधीपेक्षा बरीच नीट बसली. काकांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

“आणि तो डबा कुणाचा ते लिहिलं नाही ना?”

“नाही.”

“मग चालेल,” म्हणाले, आणि मोटर चालू केली.